टीव्ही, नेट आणि मोबाइल मिळून महिन्याला पावणेचार हजार! कात्री कुठे लावावी?

अंगणातली_तुळस | ३ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. काल रात्री घरखर्चाची वही घेऊन बसले होते. किराणा, दूध, वीज यांच्यावर माझं बारीक लक्ष असतं. पण टीव्ही-नेट-मोबाइलचे पैसे असे तुकड्यातुकड्यांनी जातात की त्यांची बेरीज कधी केलीच नव्हती. काल केली आणि झोप उडाली.

चिंचवडला राहतो. घरात चौघं: आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. हॉलमधल्या टीव्हीचं डीटीएच ६१२ रुपये, बेडरूममधल्या टीव्हीचे आणखी २६०. ब्रॉडबँडचा ९९९ चा प्लॅन, जीएसटी धरून ११७९. माझा आणि यांचा मोबाइल प्रत्येकी ३४९, मुलाचा आणि सासूबाईंचा प्रत्येकी २९९, आणि हे दर २८ दिवसांनी. म्हणजे वर्षातून १३ रिचार्ज, महिन्याला सरासरी १४०४. वर नेटफ्लिक्स १९९ आणि प्राइमचे वर्षाचे १४९९, म्हणजे महिन्याला १२५. एकूण ३७७९. वर्षाचे ४५ हजारांच्या वर!

एक गोष्ट आधीच सांगते. सासूबाईंच्या मालिका बंद करून मला पैसे वाचवायचे नाहीत. संध्याकाळी सात ते दहा हा त्यांचा वेळ आहे आणि त्याला हात लावायचा नाही, हे आमचं दोघांचं ठरलेलं आहे. बाकी सगळं सुचवा. तुम्ही काय केलंत, किती वाचले, काय अंगाशी आलं, सगळं हवंय.

भाकरतुकडा | ३ ऑगस्ट

तेरा रिचार्ज धरलेत हे उत्तम केलंत, बहुतेक लोक बाराने गुणतात. २८ × १३ = ३६४. २०२२ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) कंपन्यांना ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा, असे प्लॅनही ठेवायला लावले. पण दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

रानमोगरा | ३ ऑगस्ट

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे आकडा याहून मोठा निघेल अशी भीती वाटतेय.

तारायंत्र | ३ ऑगस्ट

मी दूरसंचार खात्यात ३४ वर्षं नोकरी केली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुळसताई, आधी त्या ६१२ चं बिल उघडा. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत आली, तेव्हापासून बिलाचे दोन भाग असतात. पहिला म्हणजे नेटवर्कचं भाडं. सुरुवातीला ते १०० एसडी (साध्या चित्राच्या) वाहिन्यांना जास्तीत जास्त १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे असं होतं. २०२० पासून तेवढ्याच पैशात २०० वाहिन्या द्याव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये ही कमाल मर्यादा काढली, म्हणून आता आपली कंपनी किती भाडं लावते ते बिलावरच बघायचं. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा, आणि खरे पैसे इथे जातात. प्रत्येक वाहिनी सुटी घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. कंपनी मात्र ‘फॅमिली’, ‘महाराष्ट्र स्पेशल’ असं काहीतरी नाव असलेलं पॅक पुढे करते. त्यात पाच वाहिन्या तुमच्या आणि पन्नास इतरांच्या. वेगवेगळी पॅक घेतली तर एकच वाहिनी एसडी आणि एचडी अशी दोनदा येऊ शकते, मग दोन्हींचे पैसे लागतात, आणि नेटवर्कच्या मोजणीत एचडी वाहिनी दोन एसडीइतकी धरतात.

उपाय असा: एक कोरा कागद आणि पेन टीव्हीजवळ ठेवा. आठवडाभर जो जी वाहिनी लावेल त्याने तिचं नाव लिहायचं. दुसरा कागद बेडरूममध्ये. आठवड्याने इथे येऊन सांगा.

कातळसडा | ४ ऑगस्ट

लांज्याजवळ गाव आमचं. आईवडील तिथेच असतात. चार वर्षांपूर्वी डीडी फ्री डिश बसवली. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. त्यानंतर महिन्याला शून्य रुपये. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, जुने हिंदी सिनेमे आहेत. बाबांना सातच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम मिळाले की पुरे. आषाढात जोराचा पाऊस झाला की चित्र अडकतं, पण ते पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचंही होतंच.

मोबाइलचं मात्र आमच्याकडे काही चालत नाही. स्वस्त-महाग बघायला दोन कंपन्यांची रेंज तर हवी! वाडीत एकाच कंपनीची येते, तीही देवळाच्या मागच्या चढावर. ती म्हणेल तो दर.

वांगीभात | ४ ऑगस्ट

फ्री डिश बसवायला आमच्या सोसायटीची गच्ची मोकळी नाही, सगळीकडे सोलर. पण प्रश्न असा आहे, की सासूबाईंच्या ठरलेल्या वाहिन्या सशुल्क असतील तर त्या फ्री डिशवर दिसतीलच असं नाही. आधी यादी बघा.

दोनप्रहर | ४ ऑगस्ट

माझं मत सरळ आहे. २०२५ मध्ये डीटीएच ठेवायचंच कशाला? ब्रॉडबँड आहे, स्मार्ट टीव्ही असेल. मालिका सगळ्या अ‍ॅपवर असतात, ब्रॉडबँडच्या पॅकमध्ये बरेचदा अ‍ॅपही मिळतात. ६१२ + २६० = ८७२ एका झटक्यात वाचले. आम्ही दोन वर्षांपूर्वी छत्री काढली, काही अडलं नाही.

पाणंद | ४ ऑगस्ट

@दोनप्रहर, तुमच्या घरी वयस्कर माणूस आहे का? नसेल तर हे वाचा, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी भावाने साताऱ्याला आईकडे हाच प्रयोग केला. केबल बंद, नवा स्मार्ट टीव्ही, अ‍ॅप घालून दिली, दोन दिवस शिकवलं आणि तो परत बंगळूरला गेला. मी महिन्याभराने गेले तेव्हा टीव्हीवर तिने विणलेलं कव्हर घातलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, “मला आताशा बघावंसंच वाटत नाही.” मला खरं वाटलं. रात्री जेवताना सहज बोलून गेली, की आधी १२०७ दाबलं की तिची मालिका लागायची, आता आधी चित्रं येतात, मग कोण बघतंय ते विचारतं, मग तिला काही सुचत नाही आणि चुकीचं दाबलं गेलं तर पैसे कापले जातील याची धास्ती वाटते. महिनाभर ती संध्याकाळी घरात नुसती बसून होती आणि फोनवर आम्हा कुणाला बोलली नाही. आम्ही बचत केली म्हणून खूश होतो.

दुसऱ्या दिवशी केबल परत जोडून घेतली. केबलवाल्या दादांनी जुनाच बॉक्स आणून लावला. मी रिमोटवर चार बटणांना लाल नेलपेंटचे ठिपके दिले. १२०७ तिला पाठच होतं.

म्हणून म्हणते, तुळसताई, बॉक्स बदलू नका. पॅक बदला, नंबर तेच राहू देत.

रानमोगरा | ४ ऑगस्ट

पाणंद, डोळ्यात पाणी आलं गं.

दोनप्रहर | ४ ऑगस्ट

@पाणंद, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आमच्या घरी आम्ही दोघंच, वय चाळिशीतलं. माझा सल्ला तसल्या घरापुरता समजावा.

गोदाकाठ | ५ ऑगस्ट

मोबाइलकडे येऊ. सासूबाई दिवसभर घरात वायफायवर असतात ना? मग त्यांना रोज दीड जीबी कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला आणि कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक काढावे लागले. माझ्या आईसाठी ४४८ चा घेतला, ८४ दिवस चालतो. आधी २८ दिवसांचे २९९ जात होते. वर्षाला जवळपास १९०० वाचले. ज्यांना एकदाच भरून मोकळं व्हायचंय त्यांच्यासाठी १८४९ चा ३६५ दिवसांचाही आहे.

शेवंती_पिवळी | ५ ऑगस्ट

गोदाकाठ, इथे मी जोरात असहमत.

माझे बाबा ७९ वर्षांचे. मीही हेच केलं होतं: “बाबा, तुम्ही घरीच असता, डेटा नको.” मार्च महिन्यात ते बँकेत म्हणून निघाले आणि येताना चुकीच्या बसमध्ये बसले. फोन केला, “मी कुठेतरी उतरलोय, इथे मोठा पूल आहे.” पुण्यात मोठे पूल किती! व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवा म्हणावं तर डेटा नाही. रिक्षा बोलावून द्यावी तर कुठे बोलावू? शेवटी एका फुलवाल्या मुलाने त्यांचा फोन घेऊन मला पत्ता सांगितला. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी जे अनुभवलं ते १९०० रुपयांत बसत नाही.

आता त्यांना १९९ चा पॅक आहे. २८ दिवसांना एकूण २ जीबी. रोजचा नाही, एकूण. घरी वायफाय, बाहेर पडले की तेवढा पुरतो. वर्षाला २५८७ जातात, २९९ च्या पॅकने ३८८७ जात होते. बचत १३०० ची आहे, पण मन शांत आहे.

गोदाकाठ | ५ ऑगस्ट

शेवंती, पटलं. आई एकटी बाहेर पडत नाही म्हणून मला प्रश्न आला नाही. पण पुढच्या वेळी मीही १९९ चाच बघेन.

हिमवाट | ५ ऑगस्ट

डब्लिनहून वाचतोय. परदेशातल्या मंडळींना गोदाकाठने सांगितलेला वर्षाचा पॅक फार कामाचा. भारतातल्या बँकांचे ओटीपी यायला नंबर जिवंत हवा आणि आपल्याला डेटा तर लागत नाहीच. परदेशी येण्याआधी रोमिंग चालू करून घ्या. माझ्या कंपनीत रोमिंगवर येणारे एसएमएस फुकट आहेत, तुमच्यात आहेत का ते विचारून घ्या. मी एकदा रिचार्ज विसरलो, नंबर गेला, आणि बँकेत नवा नंबर लावायला डिसेंबरच्या सुट्टीतले चार दिवस घालवले.

तारायंत्र | ५ ऑगस्ट

या निमित्ताने आठवलं. ३१ जुलै १९९५ ला देशात पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांच्या वर पडायचे, आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत. इनकमिंग फुकट झालं ते मे २००३ पासून.

भाकरतुकडा | ५ ऑगस्ट

आणि एसटीडीला, म्हणजे बाहेरगावच्या फोनला, रात्री ११ नंतरचा पाव दर! आमचे अण्णा अकराला दहा कमी असताना एसटीडी बूथवर जाऊन उभे राहायचे. रांगेत पुढचा नंबर आला तरी “तुम्ही करा, तुम्ही करा” म्हणत मागच्याला पुढे सोडायचे आणि घड्याळात अकरा वाजले की आत. नागपूरच्या आत्याला ठाऊक असायचं, ती सव्वाअकरापर्यंत जागी राहायची. बूथमधला तो लाल आकड्यांचा डबा मला अजून दिसतो, पल्स पडला, म्हणजे बिलाचा आकडा वाढला, की बाबांचा आवाज घाईचा व्हायचा.

वांगीभात | ५ ऑगस्ट

भाकरतुकडा, आधी अण्णा, मग बाबा, तेच का हो? :)

भाकरतुकडा | ५ ऑगस्ट

तेच! घरात बाबा, गावात अण्णा.

ठिणगी | ६ ऑगस्ट

ब्रॉडबँडवर कुणी बोललंच नाही. तुळसताई, वेग किती घेतलाय? एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात, ४के ला १५ च्या आसपास. चार माणसांच्या घराला ३० चा प्लॅनही चालून जातो. ३९९ अधिक जीएसटी, ४७१ रुपये. कुणी घरून मोठ्या फायली पाठवत असेल तर १०० चा घ्या, ६९९ चा, ८२५ पडतो.

“नेट स्लो आहे” म्हणून लोक वरचा प्लॅन घेतात आणि दोष राउटरच्या जागेत असतो. मी हेच काम करतो, घरोघरी जातो. राउटर कुठे सापडतो सांगू? फ्रिजच्या मागे, टीव्हीच्या शोकेसमध्ये काचेआड, लोखंडी कपाटावर. एकांकडे तर पितळी डब्यांच्या मांडणीत होता. तो बाहेर काढून पॅसेजमध्ये भिंतीवर लावला आणि आतल्या खोलीत नेट धावायला लागलं. प्लॅन तोच.

नदीपल्याड | ६ ऑगस्ट

स्थानिक ब्रॉडबँडवाले वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फुकट देतात. मी भरले होते. चौथ्या महिन्यात त्याने धंदा दुसऱ्याला विकला, नवा म्हणाला जुन्याची पावती मला लागू नाही. साडेचार हजार गेले. तेव्हापासून तीन महिन्यांच्या वर कुणालाही आगाऊ देत नाही.

साखरफुटाणा | ६ ऑगस्ट

ओटीटीबद्दल. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा कप्पा असतो, तो आज उघडून बघा. मी उघडला तेव्हा एका अ‍ॅपचे महिना १४९ रुपये सात महिने कापले जात होते. क्रिकेटच्या एका मालिकेसाठी घेतलं होतं, नंतर कुणी उघडलंही नव्हतं. कापण्याआधी २४ तास सूचना येते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, पण बँकेचे इतके संदेश येतात की ती त्यातच हरवते. आता आम्ही एका वेळी एकच अ‍ॅप ठेवतो. एक महिना हे, बघून झालं की बंद, मग दुसरं.

अंगणातली_तुळस | १२ ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. तारायंत्र काका, कागदाचा निकाल घेऊन आलेय.

हॉलमधल्या कागदावर आठवड्यात नऊ वाहिन्या आल्या. पॅकमध्ये सशुल्क वाहिन्या किती आहेत ते मोजलं, ६४! सासूबाईंनी तर वेळेसकट लिहिलंय, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात: “७.०० सह्याद्री बातम्या. ७.३० आपली नेहमीची. ९.०० झोप आली, बंद केला.” आम्हाला वाटायचं त्या दहापर्यंत बघतात. टीव्ही चालू असायचा तो यांच्यासाठी.

बेडरूमच्या कागदावर एकच नोंद आहे. रविवारी इस्त्री करताना मी गाणी लावली होती. त्यासाठी २६० रुपये!

आणि साखरफुटाणाचं वाचून सगळं तपासलं. ज्या अ‍ॅपचे आम्ही वेगळे पैसे भरतो, त्यातलं एक ब्रॉडबँडच्या ९९९ मध्ये आधीपासून होतं. यांनी प्लॅन घेतानाच कुणीतरी सांगितलं असणार, लक्षात राहिलं नाही.

मोबाइल कंपनी बदलायची असेल तर काय करायचं?

तारायंत्र | १२ ऑगस्ट

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, नोंद फार नेटकी आहे.

पोर्ट करायला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला, इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, आधार जवळ ठेवायचं. त्याच सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) तीन कामकाजाच्या दिवसांत होतं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि नुकतंच सिम बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. कोड फोनवर कुणालाही सांगू नका, फसवणूक करणारे तोच मागतात. आणि कंपनी बदलण्याआधी एक दिवस शेजाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या फोनवर घरातल्या सगळ्या खोल्यांत रेंज तपासा.

कातळसडा | १३ ऑगस्ट

शेवटची ओळ सोन्याची. माझ्या मेहुण्याने ती न पाळता पोर्ट केलं, आता फोन घ्यायला बाल्कनीत जातो आणि परत पोर्ट करायला ९० दिवस थांबलाय.

अंगणातली_तुळस | १९ ऑक्टोबर २०२५

दिवाळीच्या शुभेच्छा मंडळी! हिशोब द्यायचा राहिला होता.

हॉलचा बॉक्स तोच, नंबर तेच. पॅक काढून सुट्या वाहिन्या घेतल्या, आता ३११ येतात. फोनवरचा मुलगा तीन वेळा म्हणाला, “मॅडम, पॅक स्वस्त पडेल.” मी कागद हातात घेऊन बसले होते, एकेक नाव वाचून दाखवलं. बेडरूमचं कनेक्शन बंद. ब्रॉडबँड ६९९ चा, यांना घरून ड्रॉइंग पाठवावी लागतात म्हणून ३० चा नाही घेतला. राउटर शोकेसमधून पॅसेजमध्ये आलाय. सासूबाईंना आणि मुलाला १९९ चा पॅक, दोघांचेही नंबर रेंज तपासून पोर्ट केले. माझा २९९ वर आणला. यांचे साइटवर हाल होतात म्हणून ३४९ तसाच. नेटफ्लिक्स मुलाने स्वतःहून म्हटलं, मार्चपर्यंत नको. प्राइम वर्षाचे भरलेले १४९९ संपेपर्यंत चालू, नंतर बघू.

३७७९ चे २३९४ झाले. महिन्याला १३८५ वाचले.

शेवंती_पिवळी | १९ ऑक्टोबर

वा! आणि सासूबाई काय म्हणाल्या?

अंगणातली_तुळस | २० ऑक्टोबर

त्यांना फरक कळला नाही, आणि मला तेच हवं होतं. फक्त परवा विचारत होत्या, कागद-पेन टीव्हीजवळून का उचललंस, मी अजून लिहितेय ना. ठेवलंय परत.